हरित पट्ट्यातले गट निवासी करण्याची नोटीस आली आहे, हरकत कशी घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावालगतच्या नदीकाठचा हरित पट्टा आणि त्याला चिकटलेले शेती विभागातले काही गट निवासी करण्याची सूचना पेपरात आली. गावाने पाचशे सह्यांचं निवेदन तयार करून आमदारांना दिलं. आता पुढे काय?

पाचशे सह्यांचं निवेदन म्हणजे एक हरकत. पाचशे नव्हे. आणि आमदारांना दिलेलं निवेदन ही कायद्याच्या दृष्टीने हरकतच नाही, कारण हरकत कुणाकडे द्यायची ते नोटिशीतच लिहिलेलं असतं आणि तिथे आमदारांचं नाव नसतं. म्हणून आधी ती नोटीस अख्खी मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं कात्रण बहुतेक वेळा अर्धंच असतं. कापलेल्या भागात कलम, कार्यालय आणि मुदत असते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

कलम कोणतं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, 1966 हा मूळ कायदा. संपूर्ण प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला असेल तर ते कलम 26. त्याची मुदत 30 किंवा 60 दिवस, नोटिशीत असेल ती. मंजूर आराखड्यात तुकड्यापुरता बदल असेल तर कलम 37, मुदत एक महिना. तुमचं गाव अजून कुठल्याच विकास आराखड्यात नसेल, नुसत्या प्रादेशिक योजनेत असेल, तर कलम 20, आणि तिथे नोटीस थेट शासन काढतं. कलम 37 मध्येही दोन वाटा आहेत. 37(1) मध्ये नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका, नगरपरिषद किंवा प्राधिकरण, नोटीस काढतं आणि सुनावणी घेतं. 37(1अअ) मध्ये ‘लोकहितार्थ तातडीचा फेरबदल’ म्हणून शासन स्वतः नोटीस काढतं आणि सुनावणी बहुधा नगर रचना विभागाच्या सहसंचालक किंवा उपसंचालकांकडे असते. या दुसऱ्या वाटेत हरकत महापालिकेत टाकून आलात तर ती तिथेच पडून राहते.

मुदतीचं गणितही नीट करा. काही नोटिशींत मुदत राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि राजपत्र पेपरच्या आठवडाभर आधीचं असू शकतं. पेपरची तारीख धरून शेवटच्या दिवशी गेलेल्या हरकती ‘मुदतबाह्य’ शेरा लागून बाजूला पडतात. राजपत्र शासनाच्या संकेतस्थळावर मिळतं. दोन्ही तारखांतली आधीची धरून चाला.

इथे शब्दांचा एक घोळ मिटवून घेऊ. गूगलवर ‘ग्रीन बेल्ट’ शोधून सापडणारे हरकतीचे नमुने बहुतेक इंग्लंडचे असतात. तिथे ग्रीन बेल्ट म्हणजे शहर पसरू नये म्हणून त्याच्याभोवती ठेवलेलं कडं, 1955 पासूनचं राष्ट्रीय धोरण. त्या नमुन्यांतले मुद्दे इकडे चालत नाहीत. आपल्याकडे लोक ‘ग्रीन’ म्हणतात त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, हरित पट्टा: बहुधा नदी-नाल्याकाठची पट्टी. दुसरी, शेती विभाग किंवा ना-विकास विभाग: नकाशावर हिरवा रंग, ज्याला सगळे ‘ग्रीन झोन’ म्हणतात. तिसरी, आरक्षण: उद्यान, जैवविविधता उद्यान वगैरे. पुण्यात 1997 साली हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवरचं बीडीपी (म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) हे या तिसऱ्या प्रकारातलं. सुमारे 976 हेक्टरवर शासनाने 2015 मध्ये ते मंजूर केलं आणि मालकांना भरपाई म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठेवला. फरक महत्त्वाचा आहे. आरक्षणावर 10 वर्षांनंतर मालक कलम 127 खाली खरेदी नोटीस (जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा अशी) देऊ शकतो. झोनवर तसं काही नाही. सुनावणीत मालकाचे वकील ‘इतकी वर्षं जमीन अडकवून ठेवली’ म्हणाले तर तुमच्याकडे उत्तर हवं: शेती विभागात जमीन अडकत नाही, ती कसता येते, विकता येते. फक्त तिच्यावर निवासी इमारती सरसकट उभ्या करता येत नाहीत.

आता नकाशा. नोटिशीत म्हटलेलं असतं की फेरबदलाचा नकाशा अमुक कार्यालयात कामाच्या वेळेत पाहायला ठेवला आहे. तो पाहायला माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. अर्ज केलात तर उत्तराची मुदत 30 दिवस, आणि तुमची हरकतीची मुदतही तेवढीच. उत्तर हातात येईपर्यंत खेळ संपलेला असतो. अर्ज जरूर करा, पण तो पुढच्या टप्प्यासाठी. ठरावाची प्रत, मूळ प्रस्ताव कुणी दिला, नगर रचना विभागाचे अभिप्राय काय, हे त्यातून मिळेल. नकाशा मात्र दोघा-तिघांनी जाऊन पाहायचा, फोटो काढायचे, शुल्क भरून प्रत मिळत असेल तर घ्यायची.

नोटिशीच्या तक्त्यात ‘पै.’ दिसला की थांबा. ‘गट क्र. 112 पै., क्षेत्र 3.40 हे. आर’ असं लिहिलेलं असतं. पै. म्हणजे पैकी, गटाचा काही भाग. कोणता भाग ते शब्दांत कुठेच नसतं, फक्त नकाशावर रेघा मारून दाखवलेलं असतं. सातबाऱ्यावर गट 112 चं एकूण क्षेत्र बघा, भूमी अभिलेखचा गट नकाशा घ्या आणि नोटिशीतला रेघांचा भाग त्यावर बसवून मोजा. गावात पदविका झालेला एखादा मुलगा संगणकावर हे तासाभरात करतो. नोटिशीत 3.40 हेक्टर आणि नकाशावर 4.10 भरले, तर तो एकच मुद्दा सगळ्या भावनिक मुद्द्यांना भारी आहे. आकड्यात गोंधळ टाळा: 1 हेक्टर म्हणजे 100 आर, 1 एकर म्हणजे 40 गुंठे, आणि गुंठा 101.17 चौरस मीटर, म्हणजे आरपेक्षा किंचित मोठा. ‘साधारण साडेतीन हेक्टर’ असं हरकतीत लिहू नका.

याच बैठकीत आणखी तीन कागद गोळा करा. पहिला, त्या गटांचा झोन दाखला आणि मंजूर आराखड्याचा भाग नकाशा. दुसरा, आराखडा करताना केलेला विद्यमान जमीन वापर नकाशा. त्यात ती जागा विहीर, वाडी, ओढा अशी नोंदलेली असेल तर सोन्याहून पिवळं. तिसरा, सातबारा आणि फेरफार. सातबाऱ्यावर बागायत आहे की जिरायत, इतर हक्कांत लाभक्षेत्राची (कालव्याच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीची) नोंद आहे का, ते बघा. कालव्यावर सरकारने पैसा ओतला आणि त्याच ओलिताखालच्या रानावर सदनिका उभ्या राहणार, हा मुद्दा फाइलवर टिकतो. फेरफारावरून जमीन अलीकडे कुणाच्या नावावर गेली तेही कळेल. पण खरेदी-विक्री बेकायदा नाही. ‘बिल्डरने स्वस्तात जमिनी घेऊन ठेवल्या’ एवढंच लिहून काही होत नाही. लिहायचं ते असं: फेरबदल एकाच मालकाच्या सलग गटांपुरता आहे, चारही बाजूंना शेती विभाग तसाच राहतोय, सार्वजनिक गरजेचा अभ्यास प्रस्तावात जोडलेला नाही.

नदीकाठ असेल तर पूररेषा हा सर्वांत भक्कम मुद्दा. जलसंपदा विभागाच्या नकाशात निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी सर्वसाधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध भाग. निळी ते लाल यात अटींवर बांधकाम होऊ शकतं, म्हणून ‘पूररेषेत आहे’ एवढं मोघम म्हणू नका. कोणता गट कोणत्या दोन रेषांमध्ये येतो ते लिहा आणि विभागाचा प्रमाणित नकाशा जोडा. टेकडी असेल तर उतार बघा: 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नियमांतच बसत नाही. समतल रेषांवरून उतार काढता येतो, पण मोबाइलमधल्या अ‍ॅपचा आकडा सुनावणीत फार टिकत नाही.

लोक सगळ्यात कमी मेहनत घेतात ती आकड्यांवर. नमुन्यादाखल एक हिशेब. 10 हेक्टर म्हणजे 1 लाख चौ.मी. रस्ते आणि सुविधा क्षेत्र वगळून 80,000 धरा. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी डिसेंबर 2020 पासून लागू आहे, विरळ वस्तीच्या भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, 1.1. बांधकाम झालं 88,000 चौ.मी. सरासरी 80 चौ.मी.चं घर धरलं तर 1,100 घरं. घरटी साडेचार माणसं म्हणजे 4,950 लोक. माणशी 135 लिटरने रोजचं पाणी 6 लाख 68 हजार लिटर. 10,000 लिटरचे 67 टँकर, रोज. सांडपाणी त्याच्या 80 टक्के, म्हणजे 5 लाख 35 हजार लिटर. रस्ता रुंद असेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर घेऊन हे सगळं दुपटीच्या आसपास जातं. आता विचारा: आजची नळयोजना किती क्षमतेची आहे, शुद्धीकरण केंद्र कुठे आहे, जोडरस्त्याची प्रत्यक्ष रुंदी किती? नकाशावर 12 मीटर आणि जागेवर साडेपाच मीटर, हे आपल्याकडे नवीन नाही. टेप लावून तीन ठिकाणी मोजा, फोटोत टेप दिसू द्या.

पावसाच्या पाण्याचाही असाच हिशेब. त्याच 10 हेक्टरवर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 घनमीटर पाणी. शेतातून ढोबळ मानाने 30 टक्के वाहून जातं, सिमेंट-डांबर झाल्यावर 75 टक्के. म्हणजे एका दिवसात 45 लाख लिटर जास्तीचं पाणी शेजारच्या ओढ्यात. तो ओढा कोणत्या मोरीखालून जातो आणि मोरीचं तोंड किती मीटर, हेही लिहा. हे पाणी अडवायचं काम वसईत केळीच्या वाड्यांमधली बावखलं, म्हणजे छोटी तळी, करत आली. पावसाचं पाणी साठवायचं आणि जमिनीत मुरवायचं. जुलै 2018 मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात राहिल्यावर महापालिकेने नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना कारणं शोधायला बोलावलं. तुमच्या गावात तळी, पाणथळ, ओहोळ यांना जे स्थानिक नाव असेल ते वापरा आणि गट क्रमांकासकट लिहा.

हरकतीतला एक परिच्छेद कसा असावा, त्याचा नमुना (गट क्रमांक आणि आकडे काल्पनिक):

‘गट क्र. 112 पै. मधील प्रस्तावित क्षेत्र नोटिशीत 3.40 हे. दर्शविले आहे. नोटिशीसोबतच्या नकाशावर मोजणी केली असता ते 4.10 हे. येते (मोजणीचा नकाशा, जोडपत्र 2). यापैकी 1.25 हे. क्षेत्र नदी व निळी पूररेषा यांच्या दरम्यान आहे (जोडपत्र 3). सबब, या क्षेत्राचा निवासी विभागात समावेश करण्यास हरकत आहे. प्रस्ताव रद्द करावा. तसे न केल्यास किमान सदर 1.25 हे. क्षेत्र वगळून सुधारित नकाशा व नोटीस प्रसिद्ध करावी. मला समक्ष सुनावणीची संधी द्यावी.’

यात तीन गोष्टी आहेत: मुद्दा, पुरावा आणि मागणी. मागणी दोन पायऱ्यांची ठेवा, मुख्य आणि पर्यायी. अधिकाऱ्याला पूर्ण प्रस्ताव फेटाळणं जड जातं, पण सव्वा हेक्टर वगळण्याची शिफारस तो करू शकतो. सुनावणी हवी आहे हे वाक्य विसरू नका.

काय लिहू नये? घरांच्या किमती उतरतील, खिडकीतून डोंगर दिसणार नाही, बाहेरचे लोक येतील. शेवटचा मुद्दा तर हरकतीचा घात करतो. कोण राहायला येणार हा नियोजनाचा प्रश्नच नाही, आणि एकदा ते वाक्य कागदावर आलं की बाकीच्या चांगल्या मुद्द्यांकडेही त्याच नजरेने पाहिलं जातं. दहा वर्षांपूर्वीच्या हिरव्या झोनवर उभ्या राहिलेल्या सोसायटीतून हरकत जात असेल तर जरा जास्तच जपून. सुनावणी घेणाऱ्याला तुमच्या सोसायटीचा मागचा नकाशा माहीत असतो.

एकाच मजकुराच्या झेरॉक्स हरकती ‘समान आशयाच्या’ म्हणून एका ओळीत निकाली निघतात. संख्येचा उपयोग नाही असं मात्र नाही. अख्ख्या आराखड्याच्या पातळीवर संख्या बोलते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीने हजारो हरकतींनी हा प्रश्न वर्षानुवर्षं जागा ठेवला. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या 2013 च्या प्रारूप आराखड्यावर 80 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि शासनाने 2015 मध्ये आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला. पण कलम 37 च्या चार गटांच्या फेरबदलात वीस वेगवेगळ्या, वेगवेगळ्या पुराव्यांच्या हरकती पाचशे झेरॉक्सना भारी पडतात. एक पाण्यावर, एक रस्त्यावर, एक पूररेषेवर, एक शेजारच्या शेतकऱ्याची वहिवाटीच्या रस्त्यावर. कलम 37(1) मध्ये बाधित व्यक्तींना नोटीस बजावण्याचीही तरतूद आहे. लागून असलेल्या गटाच्या मालकाला ती मिळाली नसेल तर त्याने ते स्वतंत्र लिहावं.

दाखल करताना दोन प्रती घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा. ईमेलही करा, पण नुसत्या ईमेलवर विसंबू नका. बाहेरगावच्यांनी स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी.

सुनावणीचं पत्र अनेकदा तीन-चार दिवस आधी येतं आणि एका सकाळी शंभर जणांना बोलावलेलं असतं. वाट्याला पाच मिनिटं येतात. तेवढ्यात गावाचा इतिहास सांगू नका. एक मोठा नकाशा टेबलावर पसरा, तीन मुद्दे बोटाने दाखवा, लेखी म्हणणं जोडपत्रांसह द्या आणि त्याचीही पोच घ्या. वकील असलाच पाहिजे असं नाही, पण दुसऱ्याच्या वतीने बोलणार असाल तर प्राधिकारपत्र लागतं. संपूर्ण आराखड्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या कलम 28 खालच्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ असतात. तिथे तज्ज्ञांकडे बघून बोला, प्रश्न तेच विचारतात. आठवड्याने इतिवृत्ताची प्रत मागा. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर लगेच लेखी कळवा.

सुनावणी चांगली झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. अहवाल शासनाकडे जातो आणि नगर रचना संचालकांशी सल्लामसलत करून नगर विकास विभाग ठरवतो. शिफारस त्याच्यावर बंधनकारक नसते. कोर्टात गेलात तर समोरून सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा पुणे महापालिकेच्या प्रकरणातला निकाल येणारच: कलम 37 खालचा फेरबदल हे कायदा करण्याच्या स्वरूपाचं काम आहे, म्हणून कायद्यात सांगितलंय त्यापलीकडच्या सुनावणीचा हक्क नाही. तुमच्या बाजूला 1991 चा बंगलोर मेडिकल ट्रस्टचा निकाल आहे, ज्यात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणं रद्द झालं. पण तो राखीव उद्यानाचा मामला होता, साध्या शेती विभागाला जसाच्या तसा लागत नाही. उच्च न्यायालय शहाणपण कुणाचं जास्त हे बघत नाही. नोटीस नीट निघाली का, हरकती ऐकल्या का, बदलाने आराखड्याचं स्वरूपच पालटतंय का, एवढंच बघतं. म्हणून हरकत लिहितानाच दोन वर्षांनी ती न्यायाधीश वाचतील असं धरून लिहा. हरकतीत नसलेला मुद्दा कोर्टात पहिल्यांदा काढला तर ‘तेव्हा का नाही सांगितलंत’ हा प्रश्न ठरलेला. जायचं तर अधिसूचनेनंतर महिना-दोन महिन्यांत जा. पाया खोदून, बुकिंग होऊन गेल्यावर फार कमी हाताला लागतं.

हरित न्यायाधिकरण झोन बदलावर थेट चालत नाही, कारण नगर रचना कायदा त्याच्या यादीत नाही. बांधकाम 20,000 चौ.मी. किंवा त्याहून मोठं असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीविरुद्ध अपील तिथे होतं, 30 दिवसांत. उशीर माफ करून घ्यायला त्यापुढे फार तर 60 दिवस.

आणि एक वाट अशी आहे जिथे नोटीसच येत नाही. सलग 40 हेक्टर जमीन असेल तर एकात्मिक नगर वसाहत शेती विभागातही होऊ शकते. परवडणाऱ्या घरांच्या योजनांनाही तिथे सवलती आहेत. झोन न बदलता काम होतं, त्यामुळे पेपरात सूचना शोधत बसलात तर चुकाल. तिथे पर्यावरण मंजुरीच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर तालुक्याचं नाव टाकून महिन्याला एकदा बघणं हाच उपाय.

गावात फूट पडते ती इथे: ज्यांचे गट पिवळे (नकाशावर निवासी) होणार ते हरकतीच्या बाजूने कधीच नसतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. शेती परवडत नाही, भावकीत वाटण्या होऊन वाट्याला बारा गुंठे आलेत, शेजारच्या गटाला दहापट भाव मिळालाय. हिरवा झोन कागदावर राखला की तिथे गुंठेवारीचे प्लॉट पडतात, नोटरीवर विकले जातात, आणि पाच वर्षांनी ना झाडं राहतात ना गटार होतं. त्यामुळे हरकतीसोबत पर्याय द्या. तालुक्यात आधीच निवासी असलेली पण मोकळी पडलेली जमीन किती, ते भाग नकाशावरून मोजून लिहा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनी घरांसाठी वापरायला सोप्या असतात. घरांची गरज तिथे भागते का, ते आकड्याने दाखवा. नदीकाठचा पट्टा वाचवायचा आणि रस्त्यालगतचे दोन गट सोडायचे, असं गावाने आधी आपसात ठरवलं असेल तर सुनावणीला दोन तट समोरासमोर उभे राहत नाहीत.

पाचशे सह्यांचं ते निवेदन फेकू नका. ते मुख्य हरकतीला शेवटचं जोडपत्र म्हणून लावा, प्रत्येक सहीपुढे गट क्रमांक किंवा घर क्रमांक लिहून घ्या, आणि मुदत संपायच्या चार दिवस आधी आवक खिडकीवर जा. शेवटच्या दिवशी तिथे रांग असते.